योजणारा, आरंभणारा, पूर्ण करणारा : कोशांची शीर्षकपृष्ठे आणि सोडून गेलेल्यांचे कर्तृत्व

मुंबई सरकारसाठी १८४७ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी-मराठी कोशाच्या शीर्षकपृष्ठावर ‘कर्ता’ असा कोणी नाही. हा कोश जे. टी. मोल्सवर्थ यांनी योजिला व आरंभिला आणि टी. कँडी यांनी तो पुढे चालवून पूर्ण केला, अशा आशयाचा मजकूर तेथे आहे. दोन माणसे आणि चार क्रिया. कोश छापून बाहेर पडला तेव्हा त्यांपैकी पहिल्याने प्रकृतीच्या कारणाने हिंदुस्थान सोडल्याला दहा वर्षे उलटून गेली होती. काम अर्धवट टाकून गेलेल्या माणसाचे नाव सरकारी खर्चाने छापलेल्या ग्रंथावर आधी यावे आणि ते नेमके कशासाठी येते हेही क्रियापदांनी सांगावे, ही गोष्ट मराठी ग्रंथव्यवहाराच्या इतिहासात साधी नाही. त्याच कार्यालयात खपलेल्या इतर माणसांना हा न्याय लागू झाला नाही, म्हणून ती अधिकच विचारणीय ठरते.

‘लेखक’ या संकल्पनेची जी चर्चा रोलाँ बार्थ आणि मिशेल फूको यांच्या निबंधांनंतर मराठी समीक्षेत रुजली, ती मुख्यतः कविता, कादंबरी आणि नाटक यांच्या आधारे झाली. एकटा लेखक, त्याची संहिता आणि त्याच्या अधिकाराचे विसर्जन असा तिचा परिघ राहिला. फूको यांनी १९६९ च्या व्याख्यानात एक भेद केला होता : कराराला हमीदार असतो, पण त्याला लेखक नसतो. म्हणजे सर्वच लेखनप्रकारांना ‘लेखक-कार्य’ लागू होत नाही. मग कोश कोठे बसवायचा? तो पगारी माणसांनी, वाटून घेतलेल्या कामातून, मालकाच्या आज्ञेने तयार होतो. या अर्थी तो कराराच्या जवळचा आहे. परंतु वापरणारा त्याला व्यक्तीच्या नावाने ओळखतो. ‘मोल्सवर्थमध्ये पाहा’ असे मराठीचा अभ्यासक आजही म्हणतो, ‘मुंबई सरकारच्या कोशात पाहा’ असे म्हणत नाही. संस्थेची संहिता आणि व्यक्तीचे नाव यांची ही सांगड कोशाच्या बाबतीत शीर्षकपृष्ठावर घातली जाते. काम करणारा संस्था सोडून जातो तेव्हा तीच सांगड उसवते, आणि तिचे टाके दिसू लागतात.

मराठीच्या पूर्वपरंपरेत हे टाके उघडे ठेवण्याची रीत होती. ‘लेखक’ या शब्दाचा जुना अर्थच मुळी ‘लिहून घेणारा’ असा आहे. ज्ञानेश्वरीच्या शेवटी टीका करणारे ज्ञानदेव आणि लेखक झालेले सच्चिदानंदबाबा असे दोन कर्ते दोन वेगळ्या क्रियांसह नोंदलेले आहेत, आणि शके १५०६ मध्ये एकनाथांनी केलेल्या पाठशुद्धीचीही स्वतंत्र नोंद परंपरेने जपली. हस्तलिखितांच्या पुष्पिकांमध्ये लेखनिक आपले नाव, गाव, तिथी लिहितो आणि पाठातील दोषाची जबाबदारी आपली नव्हे, समोरच्या प्रतीची, असेही बजावतो. रचणारा, लिहिणारा, शोधणारा हे सर्व एका ग्रंथाशी निरनिराळ्या क्रियापदांनी बांधलेले असत. या व्यवस्थेला आदर्श मानण्याचे कारण नाही. पुष्पिकेत नाव येण्यासाठी आधी लिहिता येणे आवश्यक होते, आणि ते कोणाला येत होते हे सर्वज्ञात आहे. परंतु श्रमाच्या विभागणीची नोंद करणारे व्याकरण मराठीला नवे नव्हते, एवढे निश्चित. छापील शीर्षकपृष्ठ आले तेव्हा हे व्याकरण पुसले गेले आणि त्या जागी कार्यालयीन उतरंडीचे व्याकरण आले.

कोशाचा प्रारंभ सरकारी नव्हता. कंपनीच्या फौजेतील तरुण अधिकारी असलेल्या मोल्सवर्थ यांनी पेशवाईच्या अस्तानंतरच्या वर्षांत स्वतःच्या उपयोगासाठी शब्द टिपायला सुरुवात केली. पुढे १८२५ च्या सुमारास सरकारने हे काम आपलेसे केले. टॉमस आणि जॉर्ज या कँडी बंधूंना मदतीस दिले आणि शास्त्र्यांची एक मंडळी कामावर नेमली. मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या शीर्षकपृष्ठावर सरकारचा उल्लेख आहे, कॅप्टन या हुद्द्यासह मोल्सवर्थ यांचे नाव आहे आणि लेफ्टनंट म्हणून दोन्ही कँडींची नावे ‘साहाय्यक’ या नात्याने आहेत. शास्त्र्यांचे नाव नाही. लष्करी हुद्द्यांची ही चढण लक्षात घेण्यासारखी आहे : शीर्षकपृष्ठ कामाची विभागणी सांगत नाही, नेमणुकीची सांगते. कॅप्टनने ‘रचले’ आणि लेफ्टनंटांनी ‘साहाय्य’ केले, असे म्हणताना कोणत्या नोंदी कोणी लिहिल्या हे कळण्याचा मार्ग राहत नाही.

नंतर मोल्सवर्थ यांनी इंग्रजी-मराठी कोश हाती घेतला आणि १८३६ मध्ये तो सोडून ते मायदेशी गेले. येथे सरकारपुढे एक पेच उभा राहिला असला पाहिजे. कागद सरकारचे, माणूस गेलेला, काम दुसऱ्याच्या हाती. सोपा मार्ग असा होता की, पूर्ण करणाऱ्याच्या नावावर ग्रंथ छापावा आणि आधीच्याचे ऋण प्रस्तावनेत मानावे. तसे झाले नाही. जाणाऱ्याला ‘योजना’ आणि ‘आरंभ’ मिळाले, राहणाऱ्याला ‘सातत्य’ आणि ‘पूर्ती’. या शब्दयोजनेत कँडी यांचा सौजन्यभाव असेल, मोल्सवर्थ या नावाचे १८३१ नंतरचे वजन असेल. कारण काहीही असो, परिणाम सैद्धांतिकदृष्ट्या महत्त्वाचा आहे. मालकाची नोकरी संपली तरी कृतीशी असलेले नाते संपत नाही, आणि ते नाते एका ठोस क्रियापदाने व्यक्त करता येते, हे या पृष्ठाने मान्य केले. ‘साहाय्य’ या शब्दात जे बुडून जाते, ते ‘आरंभिला’ या शब्दात तगून राहते.

१८५० नंतर मोल्सवर्थ परत आले ते मराठी-इंग्रजी कोशाच्या दुसऱ्या आवृत्तीसाठी. ती १८५७ मध्ये निघाली. सुमारे चाळीस हजार शब्दांचा कोश सुमारे साठ हजारांवर गेला. नव्या शीर्षकपृष्ठावर हुद्दा गळून पडलेला आहे. साहाय्यक म्हणून जॉर्ज आणि टॉमस कँडी यांची नावे मात्र कायम आहेत, आणि दुसरी आवृत्ती सुधारून वाढवली ती मोल्सवर्थ यांनी, असा स्वतंत्र उल्लेख आहे. जॉर्ज कँडी फौज सोडून केव्हाच धर्मोपदेशक झाले होते. दुसऱ्या आवृत्तीच्या वाढीचे श्रेय त्यांना दिलेले नाही, पण पहिल्या आवृत्तीतील त्यांचा वाटा सव्वीस वर्षांनंतरही पुसलेला नाही. गेलेल्या माणसाचे श्रेय राखावे कसे, याचा हा जवळजवळ निर्दोष नमुना म्हणावा लागेल. शिवाय या आवृत्तीच्या आरंभी डॉ. जॉन विल्सन यांचा मराठी भाषेच्या घटकांविषयीचा आणि प्रसाराविषयीचा दीर्घ लेख त्यांच्या नावानिशी छापलेला आहे. विल्सन कोशकार्यालयाचे नोकर नव्हते. बाहेरच्या विद्वानाचे काही पानांचे लेखन त्याच्या नावावर राहते आणि आतल्या पगारी पंडिताची वर्षानुवर्षांची मेहनत नावाविना राहते, ही विसंगती एकाच ग्रंथाच्या दोन पुठ्ठ्यांमध्ये पाहावयास मिळते.

या पंडितांचा ग्रंथ मात्र उपलब्ध आहे. ‘महाराष्ट्र भाषेचा कोश’ १८२९ मध्ये मुंबईत शिळाप्रेसवर छापला गेला. जगन्नाथशास्त्री क्रमवंत, बाळशास्त्री घगवे, गंगाधरशास्त्री फडके, सखाराम जोशी, दाजीशास्त्री शुक्ल आणि परशुरामपंत गोडबोले ही त्याच्या कर्त्यांची नावे. मोल्सवर्थ यांच्या कोशाआधी दोन वर्षे तो निघाला, हा कालानुक्रम किरकोळ समजला जातो. तो तसा नाही. कोशवाङ्मयाच्या इतिहासांत पंडितांच्या कोशाकडे बहुधा मोठ्या कोशाची पूर्वतयारी म्हणून पाहिले जाते. परंतु मराठी शब्दाचा अर्थ मराठीतच सांगणे ही भाषांतरापेक्षा वेगळी बौद्धिक क्रिया आहे. प्रतिशब्द देऊन तेथे सुटका होत नाही. वस्तूचे वर्णन करावे लागते, रूढार्थ आणि व्युत्पत्त्यर्थ वेगळे काढावे लागतात, ज्याला शब्द माहीत आहे त्यालाच तो पुन्हा समजावून द्यावा लागतो. संस्कृत कोशपरंपरेत वाढलेल्या या मंडळींनी अमरकोशासारखी पद्यबद्ध, पर्यायशब्दांची वाट सोडून मराठी गद्यात अर्थविवरण केले. मराठी गद्याच्या घडणीचा इतिहास लिहिताना या गद्याला पाठ्यपुस्तकांच्या आणि नियतकालिकांच्या बरोबरीची जागा मिळायला हवी होती. ती मिळाली नाही, याचे एक कारण असे की गद्याला लेखक लागतो, आणि हे लेखक ‘साहाय्यक’ म्हणून आधीच दुसऱ्या एका ग्रंथाच्या खात्यावर जमा झालेले होते.

या ठिकाणी एक सोपा निष्कर्ष टाळणे आवश्यक आहे. वसाहतवादी अधिकाऱ्याने एतद्देशीयांचे श्रेय लाटले, एवढे म्हणून हा विषय संपवता येतो, आणि नव्वदीच्या दशकापासून अशा मांडणीला चांगली बाजारपेठही आहे. परंतु १८३१ च्या कोशातील इंग्रजी अर्थविवरणे, त्यांतील छटाभेद, वाक्प्रचारांची मांडणी यांमागे एक निश्चित भाषिक बुद्धी आहे आणि ती मोल्सवर्थ यांची आहे, हे नाकारणे म्हणजे एका अन्यायावर दुसरा चढवणे होय. पन्नाशी ओलांडलेला माणूस आपल्याच ग्रंथाकडे परत येतो आणि वर्षानुवर्षे तो नव्याने तपासतो, हे केवळ अधिकाऱ्याचे वर्तन नव्हे. दुसऱ्या बाजूने पाहिले तर शास्त्रीमंडळीची नावे परत मिळवली म्हणून श्रेयाचा हिशेब पुरा होत नाही. नांगराचे, मागाचे, जात्याचे, होडीचे शब्द शास्त्र्यांच्या घरात जन्मलेले नव्हते. ते ज्यांच्या तोंडून आले त्या कुणब्यांची, कोष्ट्यांची, कोळ्यांची, बायकांची नावे १८२९ च्या कोशातही नाहीत आणि १८३१ च्याही नाहीत. मोल्सवर्थ यांनी शास्त्र्यांशी जे केले, तेच शास्त्र्यांनी बोलणाऱ्यांशी केले असे म्हणणे थोडे अतिशयोक्त होईल, कारण शब्द देणे आणि शब्दाचा अर्थ लिहिणे या एकच क्रिया नव्हेत. पण नाव कोठवर खाली झिरपते आणि कोठे थांबते, याची रेषा दोन्ही ग्रंथांत कोणी तरी आखलेली आहे, एवढे या तुलनेने दिसते.

कोशकार्यालयातून बाहेर पडल्यावर या मंडळींपैकी काहींनी आपल्या नावाने ग्रंथ केले. गंगाधरशास्त्री फडके यांचे मराठी व्याकरण १८३६ मध्ये निघाले. परशुरामपंततात्या गोडबोले यांनी १८५४ मध्ये ‘नवनीत’ सिद्ध केले आणि पुढे संस्कृत नाटकांची मराठी रूपांतरेही केली. ‘नवनीत’चे उदाहरण विशेष बोलके आहे. त्यातील एकही कविता गोडबोले यांची नाही. ती सारी जुन्या कवींची आहे. तरीही निवड, क्रम आणि संपादन यांच्या बळावर तो ग्रंथ त्यांच्या नावाने ओळखला गेला, पिढ्यान्‌पिढ्या शाळांतून वाचला गेला. ज्या संकलनक्रियेसाठी कोशात त्यांचे नाव शीर्षकपृष्ठावर येऊ शकले नाही, त्याच जातीच्या क्रियेने येथे त्यांना ग्रंथकर्ता केले. फरक श्रमाच्या प्रकारात नव्हता, ज्या आसनावरून तो श्रम झाला त्यात होता.

विसाव्या शतकात मालक बदलला, प्रश्न राहिला. डॉ. श्री. व्यं. केतकर यांनी ‘महाराष्ट्रीय ज्ञानकोश’ सरकारी आश्रयाशिवाय, भागभांडवलाच्या मंडळीतून उभा केला. त्याचे तेवीस खंड १९२० नंतरच्या दशकात पूर्ण झाले. या उद्योगाचा वृत्तांत केतकरांनी जो लिहिला त्याचे नाव ‘माझे बारा वर्षांचे काम ऊर्फ ज्ञानकोशमंडळाचा इतिहास’. या ‘ऊर्फ’मध्ये एका संपूर्ण ग्रंथव्यवहाराची अडचण सामावलेली आहे. ‘माझे काम’ आणि ‘मंडळाचा इतिहास’ या दोन गोष्टी एकच आहेत असे ते अव्यय म्हणते. त्या मंडळात काम करून बाहेर पडलेल्या यशवंत रामकृष्ण दाते आणि चिंतामण गणेश कर्वे यांना ते तितकेसे पुरेसे वाटले नसावे. त्यांनी नवे कोशमंडळ स्थापले आणि १९३२ ते १९३८ या काळात ‘महाराष्ट्र शब्दकोशा’चे सात विभाग काढले, ज्यांवर आबा चांदोरकर आणि चिं. शं. दातार यांच्यासह चौघांची नावे संपादक म्हणून आहेत. ज्ञानकोशाच्या कार्यालयात शिकलेली कार्यपद्धती, कार्डे लावण्याची शिस्त, माणसे जमवण्याची रीत हे सारे त्यांच्याबरोबर गेले असणार. पद्धतीला शीर्षकपृष्ठ नसते. नोकरी सोडणारा जी गोष्ट डोक्यात घेऊन जातो ती मालकाला अडवता येत नाही, आणि जी कागदावर ठेवून जातो ती त्याला परत मागता येत नाही. या दोहोंच्या मधल्या जागेत संशोधनाचे कर्तृत्व वावरत असते.

या मधल्या जागेसाठी नियम शोधण्याचा सर्वांत काटेकोर प्रयत्न पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराच्या महाभारताने केला. ना. बा. उटगीकर यांनी संपादिलेले विराटपर्व १९२३ मध्ये ‘तात्पुरत्या’ आवृत्तीच्या स्वरूपात विद्वानांपुढे आले. ऑगस्ट १९२५ मध्ये विष्णु सीताराम सुकथनकर प्रमुख संपादक झाले, संपादनाची तत्त्वे नव्याने बांधली गेली, आणि अंतिम विराटपर्व १९३६ मध्ये रघुवीर यांच्या संपादनाखाली निघाले. सुकथनकर जानेवारी १९४३ मध्ये निवर्तले. पुढच्या पर्वांच्या शीर्षकपृष्ठांवर त्यांचे नाव गाळले गेले नाही, आणि ते जिवंत असल्यासारखे नुसते छापलेही गेले नाही. नावापुढे कंसात कार्यकाल आला : ऑगस्ट १९२५ ते जानेवारी १९४३. त्याखाली श्रीपाद कृष्ण बेलवलकर, एप्रिल १९४३ पासून. त्यांच्यानंतर परशुराम लक्ष्मण वैद्य यांच्याही बाबतीत हीच रीत राखली. १८४७ च्या क्रियापदांच्या जागी येथे महिने आले.

हा उपाय प्रामाणिक आहे, पण तो संहितेचे नव्हे, पदाचे माप घेतो. फ्रँक्लिन एजर्टन यांनी संपादिलेले सभापर्व १९४४ मध्ये प्रसिद्ध झाले; त्याची बरीचशी जडणघडण सुकथनकरांच्या कार्यकालातील, प्रकाशन बेलवलकरांच्या. प्रत्येक पर्वावर त्या-त्या संपादकाचे नाव स्वतंत्रपणे येते, म्हणून एजर्टन यांच्यावर अन्याय होत नाही. परंतु सुकथनकरांनी १९३३ मध्ये पुऱ्या झालेल्या आदिपर्वाच्या प्रस्तावनेत हस्तलिखितांच्या शाखांची जी मांडणी केली आणि पाठनिर्णयाची जी तत्त्वे सांगितली, ती १९६६ मध्ये कार्य पूर्ण होईपर्यंत प्रत्येक पानाच्या तळटिपांत कार्यरत होती. तत्त्वाचा कार्यकाल कंसात मावत नाही. उलट बाजूने उटगीकरांचा विचार केला तर त्यांच्या कामाला ‘तात्पुरते’ हे विशेषण ग्रंथकर्तृत्वाच्या बाबतीतही चिकटून बसले. प्राथमिक आवृत्ती नसती तर विद्वानांचे आक्षेप आले नसते, आणि आक्षेपांशिवाय नवी तत्त्वे घडणे कठीण होते. हस्तलिखितांच्या पाठभेदांची पत्रके शब्दशः भरणारे संकलक कक्षही तेथे होते. प्रत्येक पाठभेद त्यांच्या हातून गेलेला आहे. जुन्या पुष्पिकांतील लेखनिकांची नावे या आवृत्तीच्या हस्तलिखित-वर्णनांत सापडतात. हजारो पत्रके भरणाऱ्या नव्या लेखनिकांना मात्र पुष्पिका नाही.

विधिशास्त्राने या प्रश्नाचे दोन तुकडे केले. भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा, म्हणजे मोल्सवर्थ यांच्या दुसऱ्या आवृत्तीनंतर बरोबर शंभर वर्षांचा. त्याच्या सतराव्या कलमानुसार नोकरीच्या ओघात केलेल्या कृतीचा पहिला स्वामी, विरुद्ध करार नसल्यास, मालक असतो. सरकारी कृतीचा स्वामी सरकार. सत्तावन्नाव्या कलमानुसार स्वामित्व हातचे गेले तरी आपण कर्ता आहोत असे सांगण्याचा हक्क कर्त्याकडे राहतो. म्हणजे नोकरी सोडणाऱ्याला कृती नेता येत नाही, नाव नेता येते. आणि ज्या कृतीत एकाचा वाटा दुसऱ्याच्या वाट्यापासून वेगळा काढता येत नाही ती संयुक्त कर्तृत्वाची कृती, अशी व्याख्याही त्याच कायद्यात आहे. १८३१ चा कोश या कसोटीवर ठेवणे हा कालविपर्यास होईल, हे उघड आहे. तरीही या व्याख्येची एक गोष्ट नजरेत भरते : वाटा वेगळा काढता न येणे हे येथे संयुक्त श्रेयाचे कारण मानले आहे. कोशांच्या शीर्षकपृष्ठांवर हीच गोष्ट दीड शतक श्रेय नाकारण्याचे कारण ठरत आली. शास्त्र्याची नोंद कोठे संपते आणि कॅप्टनची कोठे सुरू होते हे सांगता येत नाही, म्हणून ती कॅप्टनची.

मराठी विश्वकोशाने नोंदींखाली लेखकांची नावे छापण्याची प्रथा पाडली, आणि मूळ नोंद इंग्रजीत असेल तेथे इंग्रजी लेखक व मराठी रूप देणारा अशी दोन नावे, संक्षिप्त खुणांसह, शेजारी-शेजारी ठेवली. मोल्सवर्थ यांच्या कोशाचे १९७५ मध्ये पुण्यात पुनर्मुद्रण झाले आणि नंतर तो संगणकावर आला. तेथे शब्द टाकला की थेट नोंद उघडते. प्रस्तावना आणि शीर्षकपृष्ठ मुद्दाम शोधावे लागते. १८२९ चा कोश ग्रंथालयांच्या सूचींत पहिल्या नावाखाली, म्हणजे ‘क्रमवंत, जगन्नाथशास्त्री’ या नोंदीत सापडतो. त्यापुढे ‘व इतर’ असे दोन शब्द असतात. घगवे, फडके, जोशी, शुक्ल आणि गोडबोले हे त्या ‘इतर’मध्ये आहेत.